वर्तुळात कुणी नसावं

१९ डिसेंबर, अमावस्या. माळावरच्या वर्तुळाचा चुना फिका पडला होता, तो पुन्हा मारायचा होता. मी बादलीत चुना कालवला, शेंडा झिजलेली केरसुणी घेतली आणि धाकट्या जावेला हाक मारली. ती अंघोळ करून, कपाळाला अंगारा लावून तयारच होती. नखांत मात्र काळं दिसलं.

"इतक्या पहाटं कुठं गेलतीस गं?"

"कुठं न्हाई, अक्का. शेण काढलं."

शेण काढून नखं काळी होत नाहीत. पण चुना घट्ट व्हायला लागला होता, म्हणून मी विषय सोडला.

आमचं शिवार आष्टी तालुक्यात, नगरकडच्या अंगाला. शेताच्या वर गायरानाचा माळ आहे. मुरूम, कुसळं, तरवडाची झुडपं आणि एकच कडुनिंब. गुरं सोडली तर तिथं कुणी जात नसे. पावसाळा संपल्यावर एका कंपनीचे लोक आले, ग्रामपंचायतीशी बोलले आणि माळ काही महिन्यांसाठी मागून घेतला. त्यांना बिनमाणसाचं विमान उडवून बघायचं होतं. लढाई चालू असते तिथं जवानांना शिधा, पाणी, औषधं, दारूगोळा पोचवायचा तर ट्रक वाटेत उडवतात, हेलिकॉप्टर पाडतात. माल राहिला बाजूला, नेणारी माणसं जातात. म्हणून असं विमान, की पडलं तरी कुणाच्या घरी फोन करावा लागू नये.

त्यांची पत्र्याची शेड डोंगराच्या पलीकडं. तिथून विमान उडायचं. ते उतरायचं आमच्याकडं. शेडमध्ये शिकलेली पोरं होती, पण आमच्या टोकाला त्यांना मुद्दाम न शिकलेली माणसं हवी होती.

"थकलेल्या, घाबरलेल्या जवानाला पेटी सोडवता आली पाहिजे," त्यांचे साहेब म्हणाले. साहेब म्हणजे तिशीतला मुलगा, पुण्याकडचा, चष्म्यावर कायम धूळ. "ताई, तुम्हाला जमलं तर त्यांनाही जमेल."

"आमी थकलेल्या हाओतच," मी म्हणाले. "घाबरायचं तेवढं शिकून घेतो."

गावात बचत गट मी चालवते आणि फोन उचलते, एवढ्या दोन गोष्टींवर ते काम मला मिळालं. सोबतीला मी जावेला घेतलं. धाकटे दीर ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर गेलेले, ऊस संपेपर्यंत यायचे नाहीत. घरात एकटी बसून ती भिंतीकडं बघत राही. त्यापेक्षा माळ बरा.

काम सोपं होतं. चुन्याचं मोठं वर्तुळ आखायचं, बैलगाडी वळेल एवढं. त्याच्या मधोमध काळ्या-पांढऱ्या चौकटींचं कापड दगडं ठेवून पसरायचं. मग निंबाखाली जाऊन उभं राहायचं. वर्तुळ मारून झालं की आत पाय ठेवायचा नाही, हा पहिला आणि सगळ्यात मोठा नियम. विमान वर येऊन थांबतं, खाली बघतं. आत माणूस असला तर त्याला अंगाच्या उबेवरून कळतं. मग ते उतरत नाही, थोडा वेळ वाट बघतं आणि परत जातं. आत कुणी नसलं तर खाली येतं, पोटाखालची पेटी टेकवतं आणि निघून जातं. पेटीत वाळूच्या पिशव्या आणि पाण्याचे कॅन असत. आम्ही पेटीचे लोखंडी आकडे सोडवायचे, पिशव्या उतरवायच्या आणि फोनवर सांगायचं, झालं.

शेडमधली पोरं पडद्यावर सगळं बघत, पण हात लावत नसत. "लढाईच्या जागी सिग्नल तोडतात," साहेबांनी सांगितलं होतं. "तेव्हा मशीनला स्वतःचं स्वतःच ठरवता आलं पाहिजे. इथंही तेच. अगदीच वेळ आली तर मी हातात घेईन, एरवी नाही."

पहिल्यांदा ते आलं तेव्हा मी नीट बघून घेतलं. टेम्पोएवढं लांब, राखाडी, वर चार पंखे, मागं एक. काच कुठंच नाही. विमान म्हटलं की पुढं काच असते आणि काचेआड कुणाचं तरी डोकं असतं. इथं पुढचा भाग गुळगुळीत, डोळे नसलेल्या माशासारखा. खालच्या बाजूला एक काळा गोळा, तो मात्र वळायचा. आधी माझ्याकडं वळला, मग जावेकडं. तिनं पटकन डोक्यावर पदर घेतला.

"अगं, आत कुणी न्हाई."

"बघतंय की पण," ती म्हणाली.

त्यानंतरही ती रोज पदर घ्यायची. मी हसायचे, पण एक गोष्ट मलाही खटकली होती. आमची कुत्री मोटारसायकलवर भुंकतात, वाऱ्यानं उडालेल्या पिशवीवर भुंकतात. त्याच्यावर कधी भुंकली नाहीत. ते यायच्या थोडं आधीच उठून निंबामागं जायची आणि पोट जमिनीला लावून पडायची. टिटव्याही गप्प व्हायच्या. मग डोंगरावरून तो आवाज यायचा, लांबच्या पिठाच्या गिरणीसारखा, आणि गिरणीच आपल्याकडं चालत येतीय असं वाटायचं.

जावेला तो आवाज वेगळा ऐकू येत होता. तिचा एकुलता मुलगा फौजेत. कुठल्यातरी चौकीवर, वर, बर्फाच्या अंगाला. ठिकाण आम्हाला माहीत नव्हतं, विचारायचंही नसतं. दिवाळीनंतर त्याचा फोन आला तेव्हा म्हणाला होता, "आता आमच्याकडं माल घेऊन माणसं येत न्हाईत, मशीन येतंय. बिनमाणसाचं." मग फोन बंद झाला. टीव्हीवर गोळीबाराच्या बातम्या यायला लागल्या. कुणाचं नाव नाही, जागेचं नाव नाही, नुसता डोंगरावरचा धूर. ती टीव्ही लावायची आणि आवाज बंद करून बघायची. जेवण निम्म्यावर आलं होतं. माळावरचं मशीन आलं की मात्र तिचा चेहरा बदलायचा. जणू ते तिकडूनच निघून इकडं आलंय आणि इथून तिकडंच जाणार आहे.

"अक्का, ह्येच जात असंल का त्याच्याकडं?"

"ह्ये डोंगरापलीकडं जातंय. शेडमध्ये. चार्जिंगला."

"बनवणारा कारखाना एकच असंल की पण."



तर त्या अमावस्येला आम्ही चुना मारला. मी कडेकडेनं फिरले, ती दगडं सारखी करायला आत गेली आणि जरा जास्त वेळ वाकून राहिली. मग दोघी निंबाखाली आलो. ऊन अजून अंगाला लागत नव्हतं. कुत्री निंबामागं गेली. आवाज आला, मशीन आलं, वर्तुळावर येऊन थांबलं.

आणि थांबूनच राहिलं.

रोज ते दोन-चार श्वास थांबायचं आणि उतरायला लागायचं. आज उतरेना. काळा गोळा खाली वळलेला, एकाच जागी. कुसळं आडवी झाली होती, धूळ गोल फिरत होती आणि त्या धुळीच्या मधोमध काहीच नव्हतं. फोन वाजला. मी स्पीकर लावला, कारण पंख्यांच्या आवाजात एरवी ऐकू येत नाही.

"ताई, वर्तुळातून बाहेर या."

"आमी बाहेरच हाओत. निंबाखाली."

"तुम्ही दोघी दिसताय. आत कोण आहे?"

"आत कुणी न्हाई."

"ताई, पडद्यावर मला दिसतंय. कापडाच्या उजव्या बाजूला कुणीतरी आडवं पडलंय."

मी बघितलं. कापड होतं, चार दगडं होती, मुरूम होता. सगळा माळ उघडा. लपायला उंदरालासुद्धा जागा नाही.

"हलतंय का?" मी विचारलं.

"नाही. पण ऊब आहे. माणसाच्या मापाची. ताई, कुणाला बरं नाही का तिथं? कोण झोपलंय?"

मशीन वाट बघून वळलं आणि डोंगराकडं निघून गेलं, पेटी पोटाखाली तशीच. आवाज विरला. मग माझ्या लक्षात आलं की जावेनं माझा दंड धरलाय. तिची बोटं रुतत होती.

"अक्का. आडवं पडलंय म्हणले."

"ऐकलं मी."

"माझं पोरगं असंल का गं?"

"डोकं फिरलं का तुझं? तुझं पोरगं हितं कशाला येईल?"

"तितं न्हाई ऱ्हायलं तर हितंच येईल की," ती अगदी शांतपणे म्हणाली. "आमोशा हाय आज."

मी भुताखेताला मानत नाही. आमच्या सासूबाई गेल्या त्या रात्री मी एकटी त्यांच्याजवळ बसले होते आणि मला डुलकी लागली होती. पण सकाळच्या उन्हात, उघड्या माळावर, एक मशीन सांगत होतं की इथं माणूस आहे, आणि मशीनला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

मी चालत गेले. तिनं मागून हाक मारली, "अक्का, ओलांडू नका!" ओल्या चुन्यावर पाय ठेवून मी आत गेले आणि कापडाच्या उजव्या बाजूला खाली बसून हात टेकला. सगळीकडची जमीन थंडीनं दगड झालेली. तेवढी जागा कोमट होती. बाळंतिणीच्या अंथरुणासारखी. हात सरकवत गेले तसा तो कोमटपणा लांबट होत गेला, डोक्याकडून पायाकडं जावं तसा.

मी बोटांनी मुरूम उकरला. वीतभर खाली राख लागली, राखेखाली गोवऱ्यांचा निखारा, आणि त्यात जळलेल्या मिरच्या, मोहऱ्या, मीठ. हुरड्याला आगटी करतात तसा लांबट खड्डा काढून तो वरून बुजवला होता.

मी तिच्याकडं बघितलं. ती रडायला लागली.

तिनं मशीनची दृष्ट काढली होती. नवा ट्रॅक्टर आला की आमच्याकडं काढतात, तशी. रोज इतकी माणसं त्याच्याकडं बघतात, शेडमधली पोरं बघतात, गावातली बघतात. त्याला दृष्ट लागली तर ते पडेल. इथलं पडलं तर तिथलंही पडेल, आणि मग पोराला जेवण कुठून जाणार? मशीनच्या जवळ जाता येत नाही, पंखे फिरतात. म्हणून जिथं ते टेकतं तिथंच पहाटे खड्डा काढून तिनं निखाऱ्यावर मीठ-मिरच्या टाकल्या, पोराचा जुना स्वेटर त्यावरून फिरवला आणि मी ओरडेन म्हणून वरून मुरूम ओढला.

"मला सांगायचं तरी."

"तुमी करू दिलं असतं?"

"न्हाई."

"मंग."

मी फावड्यानं सगळं उपसून लांब टाकलं, वर बादलीभर पाणी ओतलं. ती तोंड फिरवून उभी होती, कारण उतरवलेली दृष्ट मागं वळून बघायची नसते. साहेबांना मी फोनवर सांगितलं, "चूल राहिली होती. काढली." ते बराच वेळ हसले. "चुलीला माणूस समजलं होय!" मग म्हणाले, "पण ताई, नियम बरोबर चालला बघा. माणूस वाटलं तर उतरायचं नाही. एकदम शंभर टक्के."

जाऊ हसली नाही. निखारा बघून तिची भीती जायला हवी होती, तशी ती गेली नाही. दिवसभर ती एवढंच म्हणत राहिली, "ऊब व्हती म्हणून परत गेलं." मला त्याचा अर्थ लागला नाही. तिलाही लागला नसावा.

दिवेलागणीला माझा फोन वाजला. अनोळखी नंबर, आत वारा. "मोठी माय, मी बोलतोय. आई हाय का जवळ?"

मी फोन तिच्या हातात दिला आणि ती ओसरीत खाली बसली.

"कावून फोन केला न्हाईस रे? मरंपर्यंत वाट बघायची का मी?"

"रेंज नव्हती, आई."

"जेवतोस का?"

"जेवतो की. तुझ्यापेक्षा बरं करतात हितं."

"मुडद्या!" ती हसली, नाकाडोळ्यांतून पाणी. मग तिनं त्याला सगळं सांगितलं, हितंबी मशीन येतंय, मी आन अक्का पेटी सोडतो, आणि आजची गंमत म्हणून दृष्टीचंही सांगितलं. निखाऱ्याला माणूस समजलं आणि परत गेलं, हे ती हसत हसत सांगत होती. पलीकडून काहीच येईना.

"हॅलो? गेला का आवाज?"

"न्हाई," तो म्हणाला. "मोठी मायला दे फोन. आन तू च्या ठेव जा."

मी गोठ्याकडं गेले. म्हैस रवंथ करत होती. तो हळू बोलत होता, एकेक शब्द टेकवत.

"हे फोनवर बोलायचं नसतं. पण तू तिथं त्या लोकांत हाईस म्हणून. आमच्यातल्या एकाला लागलं. लातूरकडचा हाय. व्हता. पेटी उतरती त्याच जागेवर पडला. आमी दगडाआड, हाक ऐकू जाईल एवढ्यावर. पण डोकं वर काढलं की गोळी. त्याला सरकता येईना. मग मशीन आलं. त्यातच औषधं व्हती, रक्त थांबवायच्या पट्ट्या. त्यानं वर बघून हात हलवला, मोठी माय. त्याला वाटलं आलं. मशीन वर थांबलं, बघितलं आन परत गेलं."

"मग?"

"पुन्हा आलं. पुन्हा तेच. दिवसभर तसंच. आमच्याकडं पाणीबी संपलं व्हतं. त्यो हात हलवायचा आन ते परत जायचं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"संध्याकाळी उतरलं."

"कसं काय?"

वारा वाजत होता. म्हशीनं मान हलवली, दावं खडखडलं.

"त्यो गार झाल्यावर."

"पेटी अंगावर?" मी विचारलं.

"आईला सांगू नको," तो म्हणाला. "आमच्या साहेबानं वर लिहून पाठवलंय, पण ते फिरत फिरत कवा पोचंल कुणाला ठाऊक. तुझ्याकडं येतंय ते ह्येच मशीन हाय का दुसरं, मला म्हाईत न्हाई. पण नियम त्योच दिसतोय. तू सांग त्यास्नी."

"सांगते."

"आताबी आमी तिथंच पेटी घेतोय. तीच जागा हाय, दुसरी न्हाई."

फोन कट झाला. मी आत आले. जावेनं चहा गाळला होता. ती म्हणाली, "काय म्हणत व्हता?" मी म्हणाले, "तुला जेवायला सांग म्हणाला." त्या रात्री ती दोन भाकरी जेवली आणि झोपली, किती दिवसांनी घोरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला उठवलं नाही. एकटी माळावर गेले. वर्तुळाचा आदल्या दिवसाचा चुना पांढरा फटक वाळला होता, मी कालचा पायाचा ठसा तेवढा नीट केला. मग साहेबांना फोन करून त्या पडलेल्या जवानाचं सगळं सांगितलं, जावेच्या मुलाचा उल्लेख न करता. कुणीतरी ओळखीचं तिकडं आहे, एवढंच.

साहेब म्हणाले, "ताई, तो नियम माणसाला जपायलाच आहे."

"ठाऊक हाय. पण ऊब असली की परत जातं आन गार पडला की उतरतं. दोन्हीकडून उलटंच झालं की. आत कुणी पडलेलं असंल तर परत जायचं नाही. बाजूला जागा बघायची आन तिथं ठेवायचं. हे शिकवा त्याला."

"मी वर कळवतो. रिपोर्ट करावा लागेल, मग नवीन चाचण्या..."

"रिपोर्ट करा. चाचणी आत्ता करू. पाठवा."

"म्हणजे?"

"मी आत झोपते."

"ताई, वेडेपणा करू नका. हे परवानगीत बसत नाही."

"ते माणूस बघून परत जातंय ना, शंभर टक्के? मग भीती कसली? ते घुटमळलं की तुमी हातात घ्या आन बाजूला उतरवा. एकदा तुमच्या हातानं केलं म्हणजे तुम्हाला कळंल त्याला काय शिकवायचं ते."

ते नाही म्हणाले. मी म्हणाले, ठीक आहे, मी झोपलेलीच आहे, तुम्ही तुमचं रोजचं पाठवा, ते आपोआप परत जाईल आणि पडद्यावर तुम्हाला मी दिसेन. दिवसभर पाठवत राहा, दिवसभर दिसेन. त्यावर त्यांनी फोन ठेवला.

मी पदर कमरेला खोचला, वर्तुळात गेले आणि कापडाच्या उजव्या बाजूला उताणी पडले. कालचं पाणी मुरून ती जागा बर्फासारखी झाली होती. आकाशात काही नव्हतं. कुत्री उठून निंबामागं गेली. टिटव्या गप्प झाल्या. मग डोंगरावरून आवाज आला.

खालून ते फार मोठं दिसतं. येऊन माझ्या बरोबर वर थांबलं आणि काळा गोळा वळून माझ्या तोंडावर स्थिर झाला. धूळ आणि चुना डोळ्यांत जात होता. मी उजवा हात वर केला आणि हलवला. गोळा जरासुद्धा हलला नाही. ते माझ्याकडं बघत होतं आणि माझी ऊब मोजत होतं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आपणही पदर घ्यायला हवा होता.

फोन छातीवर थरथरला. कानाला लावला.

"ताई, उठा. ते आता वळेल."

"मला उठता येत न्हाई," मी ओरडून सांगितलं. "लागलंय मला. निंबाच्या अलीकडं खडक हाय, त्याच्याशेजारी सपाट जागा हाय. तिथं ठेवा."

पंख्यांचा आवाज बदलला. ते वळायला लागलं की सरकायला लागलं, खालून कळत नव्हतं. मी हात हलवत राहिले.